खत जमिनीत, पीक उपाशी

लागणीला खत दिलं, भरणीला पुन्हा दिलं, तरी आषाढात पाऊस आठ-दहा दिवस लागून राहिला की ऊस पिवळा का पडतो? पन्हाळा तालुक्यात कोतोली-बाजारभोगावच्या बाजूला हा प्रश्न पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. खत जमिनीत आहे, पाणी हवं त्याहून जास्तच आहे, मुळं जागच्या जागी आहेत. आणि तरी पीक उपाशी असल्यासारखं दिसतं. जाणता शेतकरी त्यावर सांगतो, "वापसा येऊ दे, सुधारेल." बहुतेकदा सुधारतंही.

वापसा येणं म्हणजे जादा पाणी निघून जाऊन मातीत ओल आणि हवा दोन्ही खेळू लागणं. आता गंमत पाहा. पिकाचं अन्न पाण्यात विरघळलेलं असतं आणि मूळ पाण्यात बुडालेलं असतं. मग ते अन्न आत घ्यायला मुळाला हवा कशासाठी लागते? या प्रकरणात त्या एका प्रश्नाचा माग काढायचा आहे. झाडाचं खाणं विजेच्या बळावर चालतं, आणि ज्या विजेवर झाड खातं तिच्याच जोरावर ते एका पानाचा निरोप दुसऱ्या पानाला पोचवतं, हे त्या वाटेवर दिसेल.

१. मूळ नेमकं काय घेतं?

युरिया मातीत पडला की त्याचं आधी अमोनियम आणि मग जिवाणूंच्या कामामुळे नायट्रेट होतं. डीएपी विरघळलं की अमोनियम आणि फॉस्फेट सुटं होतं. पोटॅशचा खडा पाण्यात पडताच त्याचे पोटॅशियम आणि क्लोराइड असे दोन भाग होतात. शेणखत, पाचट, हिरवळीचं खत पूर्ण कुजलं की त्यांच्यातूनही शेवटी हेच पदार्थ बाहेर येतात. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक कणावर विजेचा भार असतो. पोटॅशियम, अमोनियम, कॅल्शियम यांच्यावर धन भार. नायट्रेट, फॉस्फेट, क्लोराइड यांच्यावर ऋण भार. अशा भारित कणाला आयन म्हणतात. शेतकऱ्याचं नत्र, स्फुरद, पालाश मुळाच्या तोंडाशी येतं ते मुख्यतः आयनांच्या रूपात.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४० मध्ये शेतीच्या रसायनशास्त्रावर पुस्तक लिहिलं आणि वनस्पती मातीतून खनिज पदार्थ घेतात ही गोष्ट युरोपभर पोचवली. तिथून सेंद्रिय की रासायनिक हा वाद सुरू झाला, तो आपल्याकडे अजून चालू आहे. मुळाच्या दृष्टीनं पाहिलं तर शेणखतातून आलेलं नायट्रेट आणि गोणीतून आलेलं नायट्रेट यांत काहीही फरक नाही. फरक पडतो तो मातीत. सेंद्रिय पदार्थ माती भुसभुशीत ठेवतात, तिच्यात हवा टिकवतात. आणि या प्रकरणात पुढे कळेल की हवा हा पोषणाचा निम्मा प्रश्न आहे. म्हणून शेणखताची बाजू घ्यायचीच असेल तर ती हवेसाठी घ्यावी.

२. सात-आठ नॅनोमीटरची अडचण

मुळाच्या टोकामागे बारीक मूलरोम असतात. एकेक मूलरोम म्हणजे एकेका पेशीचा लांबवलेला भाग. पेशीला बाहेरून भित्तिका असते. ती सच्छिद्र असल्यामुळे पाणी आणि आयन तिच्यातून सहज आत येतात. खरी हद्द तिच्या आत आहे. तिला पेशीपटल म्हणतात. हे पटल मुख्यतः स्निग्ध पदार्थांच्या रेणूंच्या दोन थरांचं बनलेलं असतं आणि त्याची जाडी असते सात ते आठ नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर.

इतकं पातळ पटल, पण आयनाला ते ओलांडता येत नाही. आयन पाण्यात असतो तेव्हा पाण्याचे रेणू त्याला चिकटून असतात. तेलकट थरात शिरायचं तर ते पाणी सोडावं लागतं, आणि भार असलेला कण पाणी सहजासहजी सोडत नाही. त्यामुळे मूलरोमाच्या बाहेर कितीही खत असलं तरी पटलात वाट नसेल तर ते बाहेरच राहतं.

वाट असते ती प्रथिनांची. पटलात आरपार बसलेली ही प्रथिनं तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार वाहिनी: तिच्यातून ठरावीक आयन आपल्या उताराच्या दिशेनं धावत जातो, सेकंदाला लाखो-कोट्यवधींच्या संख्येनं. दुसरा प्रकार वाहक: तो आयनाला धरतो, स्वतःचा आकार बदलतो आणि पलीकडे सोडतो, त्याचा वेग बराच कमी. तिसरा पंप: तो इंधन जाळून आयनाला उताराच्या उलट दिशेनं ढकलतो. वाहिनी आणि वाहक पुष्कळ प्रकारचे आहेत. पण मुळाच्या पोषणाचा भार ज्याच्यावर आहे, तो पटलावरचा मुख्य पंप एकच आहे.

३. आधी उपसा, मग पाट

कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला हा पंप समजावणं सोपं आहे, कारण आपली पुष्कळ शेती उपसा योजनांवर उभी आहे. कासारी किंवा वारणेच्या काठाला जॅकवेल असते. मोटर पाणी माथ्यावरच्या टाकीत चढवते. वीज खर्च होते ती एवढ्याच कामाला. तिथून पुढे पाणी स्वतःच्या ओढीनं पाटातून उतरतं आणि उतरता उतरता शंभर जणांची शेतं भिजवतं.

मुळाची पेशी हेच करते, फक्त पाण्याऐवजी प्रोटॉन घेऊन. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनचा धन भारित आयन. ज्याच्यामुळे लिंबू आंबट लागतं तोच. पटलावरचा पंप पेशीतलं इंधन, म्हणजे एटीपी नावाचा रेणू, खर्चून प्रोटॉन बाहेर फेकतो. एका एटीपीला एक प्रोटॉन, असा साधारण हिशेब. प्रोटॉन सतत बाहेर जात राहिल्यानं दोन गोष्टी घडतात. बाहेरची बाजू आम्ल होते, आणि आतली बाजू विजेच्या हिशेबानं ऋण होते. आता बाहेर साठलेल्या प्रोटॉनला आत यायची जबर ओढ असते. ही ओढ म्हणजे आपली माथ्यावरची टाकी. तिच्या बळावर पुढची सगळी ने-आण चालते.

प्राण्यांच्या पेशीत या जागी सोडियम-पोटॅशियमचा पंप असतो. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी तो १९५७ मध्ये दाखवला आणि त्याबद्दल त्यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं. प्रोटॉनचा उतार हाच जिवंत पेशीचा ऊर्जेचा साठा असू शकतो, ही कल्पना इंग्लंडच्या पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. तेव्हा ती अनेकांना पटली नव्हती. १९७८ मध्ये त्यांनाही नोबेल मिळालं.

ही वीज किती असते? मुळाच्या पेशीत आत-बाहेरचा फरक साधारण १२० ते २०० मिलिव्होल्ट भरतो. घड्याळाच्या सेलचे दीड व्होल्ट, म्हणजे हा आकडा त्याच्या दहाव्या भागाएवढा. पण अंतर लक्षात घ्या. १५० मिलिव्होल्ट म्हणजे ०.१५ व्होल्ट, आणि ते पडतात ७.५ नॅनोमीटरच्या जाडीवर. भागाकार केला तर येतात मीटरमागे दोन कोटी व्होल्ट. कोरड्या हवेतून ठिणगी पडायला मीटरमागे सुमारे तीस लाख व्होल्ट पुरतात. उसाच्या मुळाशी, मातीत, एवढ्या ताकदीचं विद्युतक्षेत्र पेशी सांभाळत असते.

४. पालाशाचा हिशेब

आता एक छोटं गणित करू. मातीतल्या पाण्यात पोटॅशियम विरळ असतं. पेशीच्या आत मात्र ते भरपूर लागतं; बाहेरच्या मानानं हजारपट असणंही नेहमीचंच. उताराचा साधा नियम सांगतो की पोटॅशियमनं आतून बाहेर यायला हवं. मग ते आत कसं जातं?

पोटॅशियमवर एक धन भार आहे आणि आतली बाजू ऋण आहे. ऋण बाजू त्याला ओढते. भौतिकशास्त्राचा नियम असा की एका भाराच्या आयनासाठी विजेच्या प्रत्येक ५९ मिलिव्होल्टमागे आतलं प्रमाण बाहेरच्या दहापट टिकू शकतं. ५९ मिलिव्होल्टला दहापट, ११८ ला शंभरपट, १७७ ला हजारपट. म्हणजे पंपानं पेशीची वीज १७७ मिलिव्होल्टवर ठेवली, तर पोटॅशियमची वाहिनी नुसती उघडी असणं पुरेसं आहे. हजारपट साठा आपोआप होतो. वीज ११८ वर घसरली, तर त्याच वाहिनीतून शंभरपटीहून अधिक साठा टिकत नाही आणि जादा पोटॅशियम उलट बाहेर झिरपू लागतं. हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवावं. पाणी साचलेल्या शेतात नेमकं तेच होतं.

पोटॅशियमची वाट अशी मोजूनमापून आहे हे समजायला वेळ लागला. अमेरिकेत इमॅन्युएल एपस्टाइन आणि त्यांचे सहकारी हेगन यांनी १९५२ मध्ये सातूची कोवळी मुळं घेऊन, पोटॅशियमचा जवळचा भाऊबंद असलेल्या रुबिडियमचे किरणोत्सारी अणू वापरून, मूळ किती वेगानं आयन घेतं ते मोजलं. बाहेरचं प्रमाण वाढवत नेलं तसा वेग वाढला, पण एका मर्यादेनंतर वाढेना. यावरून त्यांनी ताडलं की आयन घेणाऱ्या जागा मोजक्या आहेत. त्या सगळ्या गुंतल्या की वेग वाढू शकत नाही. खताचा डोस दुप्पट केला म्हणून पीक दुप्पट खात नाही, यामागचं एक कारण हे आहे. वनस्पतीच्या पोटॅशियम वाहिन्यांची जनुकं हाती लागली ती १९९२ मध्ये.

५. नत्र: वाहक आणि चाचपणारा, एकच

पोटॅशियमचं काम विजेनं सोपं केलं. नायट्रेटचं काम तिनंच अवघड केलं आहे, कारण नायट्रेट ऋण भारित आहे आणि पेशीची आतली बाजूही ऋण. दोघं एकमेकांना दूर लोटतात. इथे वाहक उपयोगी पडतो. तो एका नायट्रेटबरोबर दोन प्रोटॉन आत घेतो. दोन धन भार आणि एक ऋण भार मिळून एकूण भार धन होतो आणि सगळी त्रयी आत ओढली जाते. माथ्यावरच्या टाकीतलं पाणी उतरताना वाटेतलं चाक फिरवून ओझं वर चढवावं, तसा हा प्रकार. फॉस्फेटही प्रोटॉनच्या साथीनंच आत येतं.

या वाहकांपैकी एकाची गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. सांकेतिक नाव एनआरटी १.१. तैवानच्या यी-फांग त्साय यांच्या गटानं पुढे दाखवलं की जमिनीत नायट्रेट मुबलक असेल तेव्हा हा वाहक ऐसपैस काम करतो. नायट्रेट विरळ झालं की त्याच्यावर एक फॉस्फेटचा गट चिकटतो आणि तोच वाहक कणकण वेचण्याइतका चिकट होतो. २००९ मध्ये त्याच गटानं पुढचं दाखवलं: हा वाहक बाहेर नायट्रेट किती आहे हे चाचपतो आणि त्यानुसार पेशीतली इतर जनुकं चालू-बंद करायचा इशारा देतो. घास घेणं आणि बातमी कळवणं ही दोन्ही कामं एकाच रेणूकडे आहेत.

६. मग वापशाचं काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. पंपाला एटीपी लागतं. एटीपी बनतं साखर जाळून, आणि जाळायला ऑक्सिजन हवा. उसाच्या पानांत साखर कितीही असो, मुळाच्या पेशीला ऑक्सिजन मातीतूनच मिळवावा लागतो. मातीच्या पोकळ्यांत हवा असते तोवर अडचण नाही. पोकळ्या पाण्यानं भरल्या की ऑक्सिजन पाण्यातून सरकत यायला हवा, आणि हवेच्या मानानं पाण्यात तो सुमारे दहा हजार पटींनी हळू सरकतो. मुळं आणि जिवाणू मिळून आहे तो ऑक्सिजन एक-दोन दिवसांतच संपवतात.

ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे तीस एटीपी मिळतात. ऑक्सिजन नसेल तर आंबवण्याच्या मार्गानं फक्त दोन. इंधन पंधराव्या हिश्श्यावर आलं. पंप मंदावतो, पटलावरची वीज घसरते, नायट्रेटचा वाहक थांबतो, आणि वर पाहिल्याप्रमाणे साठवलेलं पोटॅशियम बाहेर झिरपायला लागतं. नदी दुथडी भरून वाहते आहे, पण लाइट नाही म्हणून माथ्यावरचा ऊस तहानलेला: उपसा योजनेवर शेती करणाऱ्याला हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको.

त्यात भर म्हणजे पेशीचा अंतर्भाग आम्ल होऊ लागतो. पाणी आत घेणाऱ्या वाहिन्या वेगळ्या असतात. त्यांना जलवाहिनी प्रथिनं म्हणू. आतली आम्लता वाढली की त्या मिटतात, हे २००३ मध्ये दाखवलं गेलं. गुडघाभर पाण्यात उभं असलेलं पीक भर दुपारी कोमेजून जातं, त्यातलं हे एक मोठं कारण. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांनंतर पंचगंगेच्या काठानं ज्यांनी शेतं पाहिली आहेत, त्यांना पाण्यात उभं राहून सुकलेलं पीक परकं नाही.

न्यायानं हेही सांगायला हवं की पिवळेपणाचा सगळा दोष पंपाचा नसतो. मुसळधार पावसात नायट्रेट खाली वाहून जातं. हवा नसलेल्या मातीत काही जिवाणू ऑक्सिजनच्या जागी नायट्रेटच वापरतात आणि त्याचा वायू करून उडवून टाकतात. म्हणून वापसा आल्यावरही काही शेतांत पीक सावरत नाही. तिथे खरोखरच नत्र उरलेलं नसतं. पण आधी चर काढून पाणी काढायचं आणि मग खत द्यायचं, हा क्रम दोन्ही कारणांसाठी बरोबर आहे. पाणी हटत नसेल तर विद्राव्य खताची फवारणी करतात, तिलाही आधार आहे: पानाच्या पेशींना हवा मिळत असते, त्यांचे पंप चालू असतात.

आणि भात? पन्हाळ्याच्या पश्चिमेला, बाजारभोगावच्या पुढे, भात पाण्यात पाय रोवून हिरवागार उभा असतो. त्याच्या खोडात आणि मुळांत हवेच्या लांबलचक पोकळ्या असतात. पानातला ऑक्सिजन त्यांतून थेट मुळाच्या टोकाला पोचतो. शिवाय भात नत्र मुख्यतः अमोनियमच्या रूपात घेतो, आणि पाण्याखालच्या मातीत तेच टिकून राहतं.

७. तांबडी माती, काळी माती

पन्हाळ्याचा डोंगर जांभ्यानं माखलेला आहे. हजारो-लाखो वर्षांच्या पावसानं या खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम धुऊन नेलं. मागे उरलं लोह आणि ॲल्युमिनियम. त्यातून झालेली तांबडी माती आम्लधर्मी असते आणि तिथे स्फुरदाची कोंडी होते, कारण लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फेटला धरून ठेवतात. सामू साडेपाचच्या खाली गेला तर ॲल्युमिनियम स्वतःच विरघळतं आणि मुळाची टोकं खुंटवतं. काही झाडांनी यावर उलट वाहतुकीचा उपाय काढला आहे. त्यांच्या मूलाग्रात एक वाहिनी असते. ॲल्युमिनियमचा स्पर्श झाला की ती उघडते आणि पेशीतलं मॅलेट नावाचं आम्ल बाहेर सोडते. मॅलेट ॲल्युमिनियमला बांधून निरुपद्रवी करतं. गव्हातल्या या वाहिनीचं जनुक २००४ मध्ये जपानी आणि ऑस्ट्रेलियन संशोधकांनी शोधलं. चुना टाकून सामू वर आणणं हा शेतकऱ्याचा उपाय; मॅलेट सोडणं हा झाडाचा.

डोंगर उतरून कोडोली-वारणानगरच्या बाजूला काळ्या मातीत आलं की अडचण उलटी होते. चुनखडीच्या जमिनीत लोह आहे, पण विरघळत नाही. कोवळी पानं पांढरट-पिवळी पडतात. शेतकरी म्हणतो केवडा पडला. भुईमूग आणि ऊस, दोघांवर केवडा पडतो, पण दोघांचे उपाय वेगळे आहेत. भुईमूग आपला प्रोटॉन पंप जोरात चालवून मुळाभोवतीची माती आम्ल करतो, लोहाचं रूप बदलून ते विरघळणारं करतो आणि मग वाहकानं आत घेतो. गवताच्या कुळातली पिकं, म्हणजे मका, भात, गहू, ऊस, लोहाला बांधणारे खास रेणू बाहेर सोडतात आणि लोहासकट पुन्हा आत ओढतात. मक्यात हा वाहक बिघडला की पानांवर पिवळे पट्टे येतात. त्या बिघाडावरूनच २००१ मध्ये वाहकाचं जनुक सापडलं.

८. मीठ आवरणारे

पंचगंगेच्या खालच्या अंगाला शिरोळ तालुक्यात वर्षानुवर्षं जादा पाणी पाजून जमिनी क्षारपड झाल्या. तिथलं पीक मिठाशी झगडतं. सोडियम आणि पोटॅशियम यांचा भार सारखाच, त्यामुळे पोटॅशियमच्या वाटांनी सोडियमही आत घुसतं. मग पेशीला ते प्रोटॉनच्या बदल्यात बाहेर काढावं लागतं, किंवा रिक्तिका नावाच्या आतल्या कप्प्यात कोंडावं लागतं. दोन्ही कामांना पंपाची वीज लागते. म्हणजे क्षारपड जमिनीतलं पीक आपल्या उत्पन्नातला वाटा मीठ उपसण्यात घालवतं. जिप्सम टाकल्यानं चोपण मातीतलं सोडियम सुटं होऊन निचऱ्यातून निघून जातं, हे सर्वांना माहीत आहे. त्याचा दुसरा गुण कमी सांगितला जातो: बाहेर कॅल्शियम पुरेसं असेल तरच पटल सोडियम आणि पोटॅशियममध्ये नीट निवड करतं. हेही एपस्टाइन यांनीच १९६१ मध्ये दाखवलं.

याच विषयावर कोल्हापुरात मोठं काम झालं आहे आणि ते मराठी वाचकाला माहीत असायला हवं. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रा. जी. व्ही. जोशी, लीला भोसले, बी. बी. जमाले आदींनी १९७० च्या दशकात कोकणातल्या खारफुटीचा अभ्यास केला. ही झाडं आयनांचं नियमन कसं करतात हा त्यातला मुख्य धागा होता. कांदळ आपल्या मुळाशीच बहुतेक मीठ अडवतं. तिवर ते वर येऊ देतं आणि पानांवरच्या क्षारग्रंथींतून बाहेर टाकतं. उन्हाच्या वेळी त्याच्या पानावर बोट फिरवलं तर मिठाचे कण लागतात.

९. तीच वीज, निरोपासाठी

इथवर कॅल्शियम फक्त पोषणापुरतं आलं. त्याचं खरं मोठं काम वेगळं आहे. पेशीच्या आतल्या द्रवात मोकळं कॅल्शियम जवळपास नसतंच. बाहेर ते दहा हजार पटींनी जास्त असतं. पेशी ते सतत बाहेर आणि कप्प्यांत ढकलत असते. त्यामुळे पटलातली एखादी कॅल्शियम वाहिनी क्षणभर जरी उघडली, तरी आतलं प्रमाण एकदम वाढतं आणि पेशीला कळतं की काहीतरी घडलं.

सुरवंटानं पान कुरतडलं की काय होतं हे जपानच्या मासात्सुगु टोयोटा आणि अमेरिकेच्या सायमन गिलरॉय यांनी २०१८ मध्ये प्रत्यक्ष दाखवलं. कॅल्शियम वाढलं की उजळणारं प्रथिन त्यांनी एका लहानशा रोपात घातलं होतं. जखमेच्या जागी ग्लुटामेट नावाचं द्रव्य सांडतं, त्यानं वाहिन्या उघडतात, आणि कॅल्शियमची लाट सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर या वेगानं शिरांमधून दूरच्या पानांपर्यंत जाते. एक-दोन मिनिटांत ती पानं बचावाची रसायनं बनवायच्या तयारीला लागतात. मूळ खारट पाण्याला लागलं तरी अशीच लाट मुळाकडून वर चढते.

पन्हाळ्याच्या वाटेवर लाजाळू दिसली तर तिच्यात हा व्यवहार डोळ्यांनी बघता येतो. स्पर्श झाला की विजेचा झटका देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागात पोचतो. तिथल्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर पडतं, त्यामागोमाग पाणी, आणि पान मिटतं. जगदीशचंद्र बोस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वतः बनवलेल्या उपकरणांनी लाजाळूतले हे विद्युतसंकेत मोजले. वाहिन्यांचा शोध तेव्हा लागायचा होता, म्हणून त्यांच्या निष्कर्षांवर पुष्कळांनी शंका घेतली. आज तो विषय मुख्य प्रवाहात आहे.

पर्णरंध्रंही याच तत्त्वावर चालतात. सकाळच्या उजेडानं रंध्राच्या दोन रक्षक पेशींतला प्रोटॉन पंप सुरू होतो, पोटॅशियम आत येतं, पाणी येतं, पेशी फुगतात आणि मधलं छिद्र उघडतं. पाण्याचा ताण पडला की ॲब्सिसिक आम्ल या संप्रेरकाचा इशारा येतो, ऋण आयनांच्या वाहिन्या उघडतात, मग पोटॅशियमही निघून जातं आणि छिद्र मिटतं. पालाश दिलेलं पीक ताण सोसतं असा शेतकऱ्याचा अनुभव आहे. ज्या आयनावर रंध्राची उघडझाप चालते तोच पुरेसा नसेल तर झाड पाणी आवरणार कशानं?

१०. मसाई पठारावर

पन्हाळ्याच्या पश्चिमेला मसाई पठार आहे. शिवाजी महाराज १६६० मध्ये विशाळगडाकडे गेले, ती वाट याच पठारावरून जाते. जांभ्याच्या अशा सड्यांवर माती बोटभर असते, पावसात तिच्यावरून पाणी वाहत असतं आणि नत्र-स्फुरद जवळजवळ नसतंच. श्रावण-भाद्रपदात इथे फुलणाऱ्या वनस्पतींत कीटक खाणाऱ्याही आहेत: निळ्या-जांभळ्या फुलांची सीतेची आसवं आणि चिकट थेंबांनी चमकणारा दवबिंदू. मातीत अन्न नाही म्हणून त्यांनी ते पानात घ्यायची सोय केली. खाणं आणि निरोप यांच्यातली सीमा इथे पुसट होते.

दवबिंदूच्या केसाला चिलट चिकटून धडपडलं की त्या केसातून विजेचे झटके जातात. केस वाकतात, पाचकरस झरतो, आणि त्याच ग्रंथी कीटकातलं अमोनियम आत घेतात. चार्ल्स डार्विन यांनी १८७५ च्या आपल्या पुस्तकात दवबिंदूवर अनेक प्रकरणं खर्च केली. त्यांच्याच सांगण्यावरून बर्डन-सँडरसन यांनी १८७३ मध्ये अमेरिकेतल्या माशीखाऊ डायोनियाच्या पानात विजेचा संकेत मोजला. त्या डायोनियाबद्दल जर्मनीतल्या राइनर हेड्रिश यांच्या गटानं २०१६ मध्ये एक विलक्षण गोष्ट दाखवली. ती झटके मोजते. दोन झटके मिळाले तर सापळा मिटतो. पाच किंवा अधिक झाले की पाचकरसाची आणि सोडियम आत घेणाऱ्या वाहिनीची जनुकं जागी होतात. भक्ष्य जितकं मोठं आणि धडपडतं, तितके झटके जास्त, आणि तितकी आयन घेण्याची तयारी मोठी.

सीतेच्या आसवांचं तंत्र याहून वेगळं. जमिनीलगतच्या ओल्या थरात त्यांच्या इवल्याशा पिशव्या असतात. पिशवीच्या भिंतीतल्या ग्रंथी क्लोराइड आयन आतून बाहेर नेतात. त्यामागे पाणी बाहेर जातं, आत दाब कमी होतो आणि भिंती आत खेचल्या जाऊन ताणल्या जातात. तोंडाशी असलेल्या केसांना एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की झडप आत उलटते आणि पाण्याबरोबर तो जीव आत ओढला जातो. याला लागणारा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आहे. वनस्पतींच्या सर्वांत जलद हालचालींत या हालचालीची गणना होते. झडप मिटल्यावर ग्रंथी पुन्हा कामाला लागतात, आयन बाहेर, पाणी बाहेर, आणि साधारण अर्ध्या तासात पिशवी पुन्हा तयार होते.